तीस गाड्यांची भूक

मित्रांनो, मी बॉयलर आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, माझ्या अंगावरचा पत्रा बघितलात तरी कळेल. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर सूत रंगवायचा एक कारखाना आहे. आमच्याकडे त्याला नुसतं 'डाईंग' म्हणतात. त्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली मी आडवा पडून आहे. तुमच्या घरातल्या टॉवेलचा लाल रंग पहिल्या धुण्यात उतरला नसेल, तर त्यात थोडा वाटा माझाही असू शकतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच, पण ऐकून घ्या. उद्या सांगायला मी नसेन.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. जाड पत्रे वाकवून त्यांनी माझं पोट केलं आणि पोटात नळ्या बसवल्या. मग पाणी भरून इतका दाब दिला की दुसरा एखादा फुटला असता. मी एक थेंबही गाळला नाही. तपासनीस साहेबांनी माझ्या कपाळावर हातोडीने नंबर ठोकला, तेव्हा मला फार मोठा झाल्यासारखं वाटलं. मग ट्रेलरवर बसून मी मोहोळमार्गे सोलापूरला आलो. येताना दोन्हीकडे ऊस दिसत होता, आणि मला वाटलं की आपण साखर कारखान्यात चाललो आहोत. डाईंगच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा थोडा हिरमुसलोच.

मालकांचं नाव विरुपाक्ष. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. त्यांनी माझ्यासमोर दगडावर नारळ फोडला, मला भंडारा लावला, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका काटकुळ्या माणसाला म्हणाले, "नागप्पा, आजपासून हा तुझा."

नागप्पा अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातला. घरी कानडी बोलायचा आणि कामावर मराठी. रागावला की दोन्ही. बॉयलर चालवायची परीक्षा तो पास झाला होता, आणि त्याचा तो सरकारी परवाना त्याने फ्रेम करून माझ्या समोरच्या भिंतीवर खिळ्याला लावला. रोज सकाळी आला की आधी त्या फ्रेमवरची काजळी शर्टाच्या बाहीने पुसायचा, मग माझ्या तोंडाला हात लावून "सिद्धरामा" म्हणायचा आणि मगच आग पेटवायचा.

माझं काम सोपं आहे. पोटात आग, आगीभोवती पाणी, पाण्याची वाफ. ती वाफ नळांतून रंगाच्या कढयांकडे जाते. कढईतलं पाणी एका ठरावीक उष्णतेला जाऊन तिथे तासन्तास टिकलं, तर रंग सुताच्या आत मुरतो. मध्येच वाफ कमी पडली तर रंग वरवर बसतो आणि सुतावर पट्टे उमटतात. मग ते सूत कुणी घेत नाही. म्हणून मी जरा तापट आहे. माझ्यासारख्याने शांत राहून चालत नाही.

तेव्हा मी लाकूड खायचो. मागच्या मोकळ्या जागेत बाभळीच्या ओंडक्यांची रास असायची. तिथून हातगाडा भरून आला की नागप्पा कोळशाच्या तुकड्याने चुन्याच्या भिंतीवर एक रेघ ओढायचा. चार रेघा उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या पोटात किती गेलं हे त्याला पक्कं माहीत हवं असायचं, तान्ह्या मुलाच्या आईला असतं तसं. रोज तीस रेघा. कधी एकोणतीस, कधी एकतीस, पण धरून चाला तीसच. रोज सकाळी तो कालच्या रेघा ओल्या फडक्याने पुसायचा आणि दरवर्षी खंडेनवमीला भिंतीला नवा चुना लावायचा.

या कामात वर्षामागून वर्षं गेली. सुट्टी मला वर्षातून एकदाच, गड्ड्याच्या जत्रेत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला सगळं गाव लोटायचं. डाईंग बंद. नागप्पा माझ्या पोटात शिरून नळ्या घासायचा. तो बाहेर यायचा तेव्हा त्याचे फक्त डोळे पांढरे दिसायचे, आणि रंगखात्यातल्या बाया त्याला बघून हसून हसून बेजार व्हायच्या. त्या बाया, कढईवरचे गडी, सूत उचलणारे, सगळे मिळून चाळीस माणसं माझ्या वाफेवर जगत होती. मला त्याचा फार अभिमान होता.

पण माझ्या धुराने नागप्पाची छाती धरली. आधी सकाळी खोकायचा, मग दिवसभर. मालकांची मुलगी सिद्धेश्वरी शिकून आली आणि कारखान्यात बसू लागली, तेव्हा तिने पहिली गोष्ट हीच काढली.

"अप्पा, नागप्पामामाचा खोकला तुम्हाला ऐकू येत न्हाय का? रस्त्यावरनं गॅसची लाइन यायलीय. आपण घेऊया की."

मालक तयार झाले. आमच्या रस्त्यावरचे बाराही डाईंगवाले हळूहळू तयार झाले. आणि मग तो दिवस आला. त्याच्याबद्दल सांगताना माझा अजून संताप होतो.

गॅस कंपनीच्या ज्ञानदा मॅडम फॉर्म घेऊन आल्या. तरुण होत्या. बोलणं शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ. कुणाला किती गॅस लागेल याचं सर्वेक्षण चाललं होतं. माझ्यासमोर उभं राहूनच त्यांनी विचारलं, "सर, सध्या रोज किती जळण लागतं?"

मालक क्षणभरही थांबले नाहीत. "पंधरा गाडे," म्हणाले.

नागप्पा त्यांच्या मागे उभा होता. त्याच्या मागे भिंत होती आणि भिंतीवर आदल्या दिवसाच्या, अजून न पुसलेल्या तीस रेघा होत्या. तो पुढे झाला. "मालक, तीस हायत की..."

"सुम्नीर," मालक दबक्या आवाजात म्हणाले. कानडीत गप्प बस म्हणायचं झालं की तेवढंच पुरतं. ज्ञानदा मॅडमची मान फॉर्मवर होती. त्यांनी पंधरा लिहिलं. मालकांनी सही केली.

मित्रांनो, विरुपाक्ष मालक वाईट माणूस नाहीत. कुणाची मजुरी त्यांनी कधी बुडवली नाही. पण समोर छापील कागद आला की आकडा अर्धा करायचा, ही त्यांच्या हाताला लागलेली सवय होती. कामगारांची संख्या विचारली तर अर्धी, पाणी विचारलं तर अर्धं. कागदावर जास्त लिहिलं की कुणीतरी काहीतरी मागायला येतं, एवढंच त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. शिवाय मनात भीती होती की जास्त लिहिलं तर तेवढा गॅस घ्यावाच लागेल. आणि गंमत बघा, पुढे कळलं की आमच्या रस्त्यावरच्या बाराही जणांनी हेच केलं होतं. एकमेकांना न विचारता! कागद पहिल्यांदाच काहीतरी द्यायला आला होता, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

मी तरी शहाणा होतो का? मला शिट्टी होती, ती वाजवता आली असती. पण काजळी जाणार, नवा बर्नर येणार, या आनंदात मीही गप्प बसलो.

गॅस आला. माझं लाकडाचं तोंड वेल्डिंग करून कायमचं बंद केलं. आतली लोखंडी जाळी काढून भंगारात दिली. ओंडक्यांच्या जागेवर तारेचं कुंपण घालून गॅसचा मीटर बसला. नागप्पाने बटण दाबलं, आणि माझ्या पोटात निळी ज्योत उभी राहिली. खरं सांगतो, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

ते एक वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. दिवसाला हजार घनमीटर गॅस मी घ्यायचो. कागदावर पंधरा गाड्यांपुरता पाचशेच होता, पण तेव्हा गॅस मुबलक होता आणि कंपनी म्हणायची, लागेल तेवढा घ्या. नागप्पाचा खोकला ओसरला. एक दिवस तो चक्क पांढरा शर्ट घालून कामाला आला. बाया त्याच्याभोवती गोळा झाल्या. "लगीन हाय का काय नागप्पा?" एकीने विचारलं. तो लाजला, आणि संध्याकाळी जाताना शर्टाची बाही मला दाखवून गेला. एक डाग नव्हता. खंडेनवमीला मालक चुना आणायला सांगत होते, तर नागप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मालक. भिंत आता काळी हुईत न्हाय." म्हणून लाकडाच्या शेवटच्या दिवसाच्या तीस रेघा भिंतीवर तशाच राहिल्या.

मग गॅस आटला. एका सकाळी ज्ञानदा मॅडम आल्या, आणि त्यांचा चेहरा बघूनच नागप्पाने मला हात लावला, आजारी माणसाला लावतात तसा.

"सर, परदेशातून जहाजाने येणारा गॅस कमी झालाय," त्या म्हणाल्या. "आपल्या देशात जमिनीखालून निघतो तो आधी घरच्या स्वयंपाकाला आणि गाड्यांना जातो. कारखान्यांना बाहेरचाच मिळत होता. आता प्रत्येकाला मंजुरीच्या साठ टक्के मिळेल."

"साठ तर साठ," मालक म्हणाले. "हजाराचे सहाशे. कसंबसं ढकलू."

"हजाराचे नाही सर. तुमच्या फॉर्मवर पंधरा गाडे आहेत. मंजुरी पाचशेची आहे. त्याचे तीनशे."

मालकांचा हात माझ्या अंगावर होता. मी तापलेला होतो, तरी त्यांनी तो काढला नाही.

"मॅडम, ते... तसं लिहायचं असतं," ते म्हणाले.

"मग आता मी काय लिहू सर?" ज्ञानदा मॅडमनी विचारलं. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

तीनशे घनमीटर म्हणजे माझं चार-पाच तासांचं पोट. आणि गॅस काही लाकडासारखा राशीला लावून ठेवता येत नाही. दिवसाचा आकडा गाठला की कंपनीच्या कुंपणातली झडप बंद. आम्ही फिकट रंग घेऊन बघितले, त्यांना कमी वाफ लागते. सकाळी लवकर सुरू करून बघितलं. नागप्पाने माझ्या नळांना गोणपाट गुंडाळलं, की तेवढीच ऊब टिकावी. म्हातारा मफलर गुंडाळून बसावा तसा मी दिसत होतो, पण हसायला कुणाला सुचलं नाही.

आणि एका दुपारी टॉवेलसाठी गडद लाल सूत कढईत असताना आकडा संपला. दाबाचा काटा खाली येऊ लागला. नागप्पा कुंपणाशी धावला. झडपेवरच्या माणसापुढे त्याने हात जोडले. "दीड तास द्या हो सायेब, लाल हाय, लई नाजूक काम हाय!" त्या माणसाने फोन केला, ऐकलं, आणि मान हलवली. मी उरलीसुरली वाफ शेवटच्या फुंकरीपर्यंत दिली. पुरली नाही. सूत बाहेर काढलं तर त्यावर पट्टेच पट्टे. बायांनी ते तसंच बांबूवर वाळत घातलं. त्या सुताचा टॉवेलवाला वीस वर्षं आमच्याकडे येत होता. तो भांडलाही नाही. पुढच्या आठवड्यात त्याचं सूत दुसऱ्या गावी रंगायला गेलं.

लाकडावर परत जा की, असं तुम्ही म्हणाल. मालकांनीही तेच म्हटलं. तपासनीस साहेब आले, त्यांनी माझ्या पत्र्याची जाडी मोजली. "याचं वय झालंय. आता याला पुन्हा कापून तोंड करायची परवानगी मी देणार नाही," म्हणाले. धुराची परवानगीही उरली नव्हती. सिलिंडरवर चालवणं किंवा नवा बॉयलर आणणं मालकांच्या आवाक्यात नव्हतं. परतीचं दार आम्ही आमच्याच हाताने, नारळ फोडून बंद केलं होतं.

शेवटी सिद्धेश्वरीने अर्ज लिहिला. देशात निघणाऱ्या गॅसपैकी थोडा वाटा आमच्यासारख्या लहान कारखान्यांना ठरवून द्या, एवढीच मागणी. बाराही डाईंगवाले आमच्याकडे जमले. माझ्याच अंगावर कागद पसरून त्यांनी सह्या केल्या, मी थंड होतो म्हणून ते जमलं. या वेळी प्रत्येकाने खरा आकडा सांगितला. सांगताना एकेकाची मान खाली होती. मालक म्हणाले, "लिही सिद्धू. तीस गाडे. हजार घनमीटर. खोटं मी लिहिलं होतं, भूक तर खरी हाय की."

ज्ञानदा मॅडमनी त्यांच्या बाजूने जेवढं करता येईल तेवढं केलं. चांगल्या वर्षाचे मीटरचे आकडे जोडले. मग भिंतीसमोर उभ्या राहिल्या, रेघा एक एक करून मोजल्या, आणि मोबाइलवर फोटो काढला. "त्या दिवशी मी मान वर केली असती तर," त्या पुटपुटल्या. नागप्पा म्हणाला, "तुमचं काय चुकलं बाई. मी आडवा हुबा हुतो."

उत्तर यायला चार महिने लागले. तोवर चाळिसांतली नऊ माणसं उरली. बाया एकेक करून येईनाशा झाल्या. काही विड्या वळायला बसल्या, काही घरीच. देशाचा गॅस आधी घरच्या चुलीला, हे मला पटतं, मित्रांनो. चहाशी माझं काही वैर नाही. पण त्या चुलीवर ठेवायला घरात काही असावं म्हणून त्या घरातली बाई माझ्याकडे कामाला यायची. हे कुणाला लिहून कळवावं, मला ठाऊक नाही.

उत्तर सिद्धेश्वरीने माझ्याजवळ उभं राहून वाचलं. सर्वेक्षणानुसार आपली गरज पाचशे घनमीटर आहे. मध्यंतरीची जादा उचल तात्पुरती समजण्यात येते. सुधारित मागणी अवास्तव वाढवलेली दिसते, सबब विचार करता येत नाही. भिंतीबद्दल एक शब्द नव्हता.

विरुपाक्ष मालक हसले. फार वाईट हसले. "जन्मात एकदा कागदावर खरं लिहिलं," म्हणाले, आणि ओंडक्यांची रास असायची त्या जागेकडे बघत उभे राहिले. त्यांच्या मिशा आता पांढऱ्या झाल्या आहेत. सिद्धेश्वरीने त्यांना खुर्ची आणून दिली, तर ते बसलेही नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला नागप्पाने मला झेंडूचा हार घातला. थंड बॉयलरवर हार लवकर सुकत नाही. चार दिवस तो तसाच ताजा राहिला, आणि मला त्याचीच लाज वाटली. दिवाळीनंतर मालकांनी डाईंग बंद केलं. कढया गेल्या, बांबू गेले. मला कुणी चालवायला घेत नाही, म्हणून मला भंगारात दिलं आहे. आज सकाळीच कापायला माणसं यायची आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काहीतरी उपदेश करायचा असतो. यंत्राला तेल द्या, नळ्या साफ ठेवा, वगैरे. ते सगळं नागप्पाने केलं. त्यात काही कमी पडलं नाही, तरी मी भंगारात चाललो. म्हणून मी एवढंच मागतो. तुमच्या पोटाला किती लागतं असं कुणी विचारलं, तर खरं सांगा. विचारणारा आवडो न आवडो, खरं सांगा. आणि तुम्ही मोठे होऊन विचारणारे झालात, तर हातातल्या कागदावरून मान वर करा आणि समोरची भिंत बघा. माझा काही फायदा नाही आता. पण या रस्त्यावर अजून सात बॉयलर अर्धपोटी आहेत.

नागप्पा आला आहे. त्याने जुना खाकी शर्ट घातला आहे. छाती पुन्हा वाजते आहे, पण ते जुनंच दुखणं, म्हणतो. त्याने परवान्याची फ्रेम खिळ्यावरून काढली, बाहीने पुसली आणि पिशवीत ठेवली. मग माझ्या वेल्ड केलेल्या तोंडाला हात लावला. "होगली बिडू," तो मला म्हणाला. जाऊ दे, सोड.

फाटकाशी खडखड झाली. मला कापायला गॅसकटर आणला आहे. त्याचे दोन सिलिंडर, एक मोठा आणि एक छोटा, दोन्ही भरलेले. ते आणायला त्यांनी आमचाच हातगाडा घेतला, ओंडके वाहायचा. चाकाचा आवाज मी कुठेही ओळखला असता.

गाडा आत येऊन माझ्यासमोर थांबला. नागप्पाने खाली वाकून कोपऱ्यातला कोळशाचा तुकडा उचलला, भिंतीपाशी गेला, आणि सवयीने एक रेघ ओढली.